किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेतील पाऊसगळती

महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै या मुदतीत यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असल्यामुळे कोकणातील नौका ऐन पर्जन्यकाळात किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या जातात. परंतु खाऱ्या पाण्यात जे लाकूड वर्षानुवर्षे टिकते, तेच तळाशी साचलेल्या गोड्या पाण्याने बुरशी लागून कुजते. थेंब जेथे पडतो तेथेच छिद्र क्वचित असते, कारण तक्तपोशीतून शिरलेले पाणी तुळईच्या खालच्या अंगाने हात-दोन हात वाहत जाऊन मगच टपकते. यास्तव आतील भाग कोरडा पुसून, संशयित सांध्यांखाली खडूची पूड लावून, एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने खालच्या जोडापासून आरंभ करून वरवर चढत सावकाश पाणी ओतावे. वरून ओतल्यास सर्वच सांधे एकदम भिजून तपास व्यर्थ जातो. बोल्टावर नुसते डांबर फासणे हा उपाय नव्हेच, त्याने ओल आत कोंडते; बोल्ट काढून, भोक पूर्ण वाळवून, लुकण भरून तो पुन्हा आवळावा. सुकलेल्या फळ्यांच्या फटीत कापसाचा पिळा मात्र ठासू नये, कारण समुद्रात उतरताच फुगणाऱ्या फळ्यांचा ताण खिळ्यांवर येतो. नाळ किंचित उंच ठेवून मागील तळाचे बूच पावसाळाभर काढून ठेवण्याची खबरदारी घ्यावी.