केवळ वाचनाची सनद

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या २०२१ सालच्या १४व्या आवृत्तीत ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ ही सिद्ध भूमिका मिळते खरी. परंतु ती सारेच तक्ते वाचावयास खुले करीत असल्याने, डेटाबेस वाचणाऱ्या एआय एजंटास अशी सरसकट सनद देण्यापेक्षा स्वतंत्र खाते काढून निवडक तक्त्यांपुरताच ‘सिलेक्ट’चा अधिकार बहाल करणे शहाणपणाचे. व्यवहार ‘रीड ओन्ली’ म्हणून आरंभिला एवढ्यावरच विसंबू नये, कारण एका मजकुरात अनेक आज्ञा धाडण्याची मुभा असली, की आरंभीचा ‘कमिट’ ते बंधन संपुष्टात आणतो आणि मागून येणारी ‘ड्रॉप’, खात्यास तसा हक्क असल्यास, बिनदिक्कत अमलात येते. निव्वळ वाचनही निरुपद्रवी नव्हेच. एखादी अजस्र पृच्छा मुख्य सर्व्हरला जेरीस आणते, म्हणून वाचन त्याच्या प्रतिकृतीवर व्हावे. ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ची मुदत घालावीच, मात्र ती, गंमत अशी, एजंट स्वतःच ‘सेट’ने वाढवू शकतो.