डाग न सोडणारं पाणी

वरठीत भंडारा रोड स्टेशनबाहेर उभी राहणारी टुरिस्ट गाडी बोअरच्या जड पाण्याने धुऊन उन्हात सोडली, की काचेवर पांढरे ठिपके उमटतात. ते साबणाचे नव्हेत, क्षारांचे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर एक लिटर पाणी वाळताना अर्धा ग्रॅम क्षार मागे राहतात. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरने भागत नाही. तो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो, डाग उरतोच. मिश्र रेझिनची टाकी मात्र धन आणि ऋण दोन्ही आयन धरून ठेवते, बदल्यात हायड्रोजन व हायड्रॉक्सिल सोडते. त्यांचं पुन्हा पाणीच होतं. आधी गाळ अडवणारा फिल्टर, मग टाकी, मग नळी, एवढीच जोडणी. रेझिन महाग, म्हणून साबण साध्या पाण्यानेच उतरवावा आणि गाडी ओली असतानाच टपापासून खाली टाकीतून आलेलं पाणी फिरवावं. टाकीतून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस मीटरवर १०–२० दिसू लागला, की रेझिन बदलायलाच हवं.