विजेच्या स्कूटरची पडतळ

दिवाळीचा पाडवा आणि गुढीपाडवा हे व्यापारी घरांतील वाहनखरेदीचे ठरलेले मुहूर्त. इस्लामपूरच्या बाजारपेठेत अलीकडे या दिवशी हार घातलेल्या गाड्यांमध्ये हिरव्या नंबरपट्टीच्या विजेच्या स्कूटरही दिसू लागल्या आहेत. घरातील थोरल्यांचा विश्वास अजून पेट्रोलवर असतो, मुलगा विजेच्या गाडीचा आग्रह धरतो, सुनेला हलकी आणि चढायला-उतरायला सोपी गाडी हवी असते. या साऱ्या चर्चेचा शेवट बहुधा एकाच प्रश्नाने होतो : सर्वांत स्वस्त कोणती?

वास्तविक व्यापाऱ्याला हा प्रश्न अपुरा वाटायला हवा. मालाचा भाव निराळा आणि हमाली, भाडे, घट धरून येणारी पडतळ निराळी, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने गाडीचीही पडतळ काढूनच सौदा करावा.

जुनी नावे, नवी गाडी

मध्यमवर्गीय आणि छोटा व्यापारी यांना परवडणारी दुचाकी देण्याचा महाराष्ट्राचा वारसा जुना आहे. एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आणि बजाजची चेतक या दोन्ही गाड्या १९७२ सालच्या. आज ही दोन्ही नावे विजेवर परतली आहेत. विजेवरील चेतकची विक्री जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. ई-लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हा तिची जाहीर किंमत ६९,९९० रुपये होती. दोन किलोवॉट-तासांची, म्हणजे दोन युनिट वीज साठवणारी बॅटरी आणि ताशी ५० किलोमीटरचा कमाल वेग, असे तिचे स्वरूप होते. एक गाडी कुटुंबाच्या रोजच्या फिरण्यासाठी, तर दुसरी पोते-खोके लादून नेण्यासाठी अधिक सोयीची. म्हणून कोणती चांगली हे ठरवण्याआधी आपले काम कोणते, हे ठरवणे भाग आहे.

आधी किलोमीटरचा रोजमेळ

त्यासाठी सोपा उपाय म्हणजे पंधरा दिवसांचा रोजमेळ. सध्याच्या गाडीचा सकाळचा आणि रात्रीचा आकडा वहीत मांडावा. इस्लामपुरात घर, दुकान, बँक, तहसील कचेरी आणि मंदिर एवढेच फिरणे असेल, तर दिवसाला आठ किलोमीटरही भरत नाहीत. पेठ नाका सात-आठ किलोमीटरवर आहे. तेथे रोज माल उतरवायला जाणाऱ्याचे, किंवा साखराळे, बोरगाव, वाळवा या भागांत उधारी वसुलीला फिरणाऱ्याचे अंतर सहज वीसवर जाते. आठवड्यातून दोनदा सांगलीला जाणाऱ्याचा हिशेब तर अगदीच वेगळा.

उदाहरणादाखल पेट्रोल १०५ रुपये लिटर, पेट्रोलची गाडी लिटरला ४५ किलोमीटर, वीज १० रुपये युनिट आणि चार्जिंगमधील घट धरून शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट असे मानू. वर्षात तीनशे दिवस रोज २० किलोमीटर, म्हणजे ६,००० किलोमीटर. पेट्रोलचा खर्च सुमारे १४,००० रुपये, विजेचा २,१०० रुपये. वर्षाला जवळजवळ १२,००० रुपये वाचतात. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा २५,००० रुपयांनी महाग पडली, तरी फरक दोन-सव्वादोन वर्षांत भरून येतो.

रोज आठच किलोमीटर फिरणाऱ्याची बचत मात्र ४,८०० रुपयांच्या आसपास राहते आणि तोच फरक भरून यायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. घरातील जुनी स्कूटर ठीक चालत असेल, तर अशा कुटुंबाने केवळ बचतीसाठी घाई करू नये.

सांगलीचे अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८०. तीन युनिटची बॅटरी नवी असताना एवढे अंतर बहुधा निघते. पण तीन-चार वर्षांनी बॅटरीची ताकद घटल्यावर परतीच्या वाटेवर आष्ट्याच्या पुढे काळजी सुरू होईल. जाहिरातीतील पल्ला ठरावीक चाचणीतला असतो. दोन माणसे, मागे माल आणि रस्त्याचा वेग धरला, तर त्याचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भागच हिशेबात घ्यावा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे थांबत-निघत जावे लागते, हेही विसरू नये.

सवलतीच्या भरवशावर नको

‘सरकार पैसे देते’ हे वाक्य विक्रेत्याकडून अजून ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की हे अनुदान आटत गेले आहे. फेम-दोन योजनेत एका टप्प्यावर किलोवॉट-तासाला १५,००० रुपये मिळत; १ जून २०२३ पासून ते १०,००० झाले आणि ३१ मार्च २०२४ रोजी ती योजना संपली. ऑक्टोबर २०२४ मधील पीएम ई-ड्राइव्ह योजनेत पहिल्या वर्षासाठी ५,००० आणि पुढील वर्षासाठी २,५०० असा दर ठरला. दुसरीकडे, विजेच्या वाहनावरील जीएसटी पाच टक्केच असला, तरी २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे विजेच्या गाडीला मिळणारा फायदा दोन्ही बाजूंनी कमी झाला. म्हणून जुन्या पाटीवरील किंमत न पाहता चार्जर, विमा, नोंदणी आणि सॉफ्टवेअरचे शुल्क धरून रस्त्यावर येईपर्यंतची रक्कम लेखी घ्यावी.

कर्जावरील व्याजाची ८०ईईबी ही आयकर वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या कर्जाला तिचा आधार नाही. दुकानाच्या नावे गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र एक बाब उपयोगी आहे. १९६२ च्या आयकर नियमांतील तक्त्यात साध्या मोटारवाहनावर १५ टक्के, तर विजेच्या वाहनावर ४० टक्के घसारा दिला होता. आपल्या बाबतीत तो कसा लागू होईल, हे करसल्लागाराकडून समजून घ्यावे.

‘फक्त नऊ टक्के’ व्याज

हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : व्याज सरळ आहे की घटत्या शिलकीवर? एक लाख रुपये तीन वर्षांसाठी सरळ नऊ टक्क्यांनी घेतले, तर व्याज २७,००० रुपये होते आणि हप्ता ३,५२८ रुपये. घटत्या शिलकीवर नऊ टक्के असते, तर हप्ता ३,१८० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १४,५०० रुपये झाले असते. म्हणजे सरळ नऊ टक्के हा प्रत्यक्षात सव्वासोळा टक्क्यांचा दर आहे. पेट्रोलमधून वाचणारी एक वर्षाची सगळी रक्कम या एका शब्दाच्या फरकात निघून जाते.

पंचवीसच्या वेगाची गाडी

सर्वांत कमी किमतीत मिळते ती कमी वेगाची गाडी. मोटार २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. गावातल्या गावात भाजी आणणे, नातवंडांना शाळेत सोडणे यासाठी ती पुरते. पेठ-सांगली रस्त्यावर मात्र ती नेऊ नये. मागून येणाऱ्या वाहनांच्या वेगापुढे ती फारच संथ पडते.

या गाड्यांत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बॅटरी. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त पण जड असते आणि रोजच्या वापरात दोनेक वर्षांत बदलण्याची वेळ येते. लिथियमची महाग, पण कितीतरी अधिक टिकते. दुसरी गोष्ट, ‘वेग वाढवून देतो’ असे कोणी म्हटले, तर तो सौदा तेथेच सोडावा. वेग वाढवला की ती गाडी नोंदणीविना चालवलेले मोटारवाहन ठरते. २०२२ मध्ये परिवहन विभागाने राज्यात अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. अपघात झाल्यास विम्याचे छत्र नसते आणि भरपाईचा बोजा थेट कुटुंबावर येतो.

रात्रीचे चार्जिंग

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दगावला. त्याच वर्षी देशात इतरत्रही अशा दुर्घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. म्हणून जुनी किंवा शिल्लक पडलेली गाडी स्वस्तात मिळत असेल, तर तिच्या बॅटरीच्या उत्पादनाचा महिना आधी पाहावा.

व्यापारी पेठेतील घरांची रचना पाहता ही बाब अधिक गंभीर आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड आणि उतरायला एकच जिना. त्या जिन्याखाली गाडी चार्जिंगला लावणे म्हणजे बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर धोका ठेवणे. कापड, कागद, तेल यांच्याजवळ, तसेच झोपण्याच्या खोलीत बॅटरी चार्ज करू नये. अर्थिंगसह स्वतंत्र सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे, कंपनीचाच चार्जर वापरावा आणि उन्हातून आलेली गाडी थोडी थंड झाल्यावरच लावावी. शक्य तर संध्याकाळी सर्वजण जागे असताना चार्जिंग उरकावे. रोजचे फिरणे वीस किलोमीटरचे असेल, तर रात्रभर गाडी लावून ठेवण्याची गरजच नसते.

शेवटची चौकशी

बॅटरी हा गाडीच्या किमतीचा फार मोठा भाग आहे. त्यामुळे हमीपत्र पूर्ण वाचावे. किती वर्षे, किती किलोमीटर आणि ताकद किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे तीनही आकडे त्यात असायला हवेत. नवी बॅटरी आज केवढ्याला पडते, तेही विचारावे. सेवा केंद्र इस्लामपुरात आहे की सांगली-कराडला, सुटा भाग यायला किती दिवस लागतात, याची माहिती विक्रेत्याऐवजी दोन वर्षे गाडी वापरणाऱ्या शेजाऱ्याकडून घ्यावी. चाचणीच्या फेरीला गाडी थोरल्यांनाही चालवू द्यावी आणि मागे सुनेला बसवून पाहावे.

एवढी चौकशी मुहूर्ताच्या दिवशी गर्दीत होत नाही. पाडव्याला गाडी घरी आणायची असेल, तर किलोमीटरची वही निदान महिनाभर आधी उघडावी. रोजची धाव, बॅटरीची हमी, व्याजाचा खरा दर आणि चार्जिंगची सुरक्षित जागा हे चार रकाने भरले की कोणती गाडी घ्यावी, किंवा यंदा घ्यावी की नाही, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.