लघवीतलं रक्त, मंगळवारची ड्यूटी

सकाळी ७.३०. वॉर्डात राउंड. काल दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ काढलेले काका पलंगावर बसून चहात पाव बुडवून खात होते. पिशवीत उतरणारी लघवी फिकट गुलाबी झालीय, म्हणजे सलाइनने धुणं आता बंद करता येईल. चाळीस वर्षं बिडी ओढलेला माणूस. शुक्रवारी लघवी लाल झाली आणि सोमवारी सोनोग्राफीचा कागद घेऊन माझ्यासमोर हजर! पुरुषाला लघवीत रक्त दिसलं की त्यावर पांघरूण घालायला दुसरं कारण सापडत नाही. तो घाबरतो, आणि ते घाबरणंच त्याच्या कामी येतं.

८.३०. फुले योजनेचे कागद. एका पेशंटच्या आधार कार्डावरचं नाव रेशन कार्डाशी जुळत नाही. सही केली, पुढे सरकले.

९.००. थिएटर. पहिली केस साठीच्या बाईंची. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाची वीसच्या आसपास. दुर्बीण घालायला बाई किती सोपी! तरी तिच्या मूत्राशयात डोकावायला आम्हीच उशीर करतो. काकांची गाठ शेवाळासारखी पाण्यात झुलत होती. हिची रुंद बुडाची, घट्ट, हलायला तयार नाही. तारेच्या कडीने पापुद्रे काढत खाली गेले. कडेच्या भिंतीपाशी मांडीच्या नसेला करंट लागला की पाय झटकन उडतो, म्हणून तिथे हात आखडता. शेवटी गाठीच्या बुडाचा तुकडा वेगळ्या बाटलीत टाकला. रोग स्नायूपर्यंत पोचलाय का, हे त्या बाटलीवरून कळणार. सिस्टरने दोन्ही बाटल्यांवर नाव घातलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं.

११.३०. ओपीडी. एक मावशी, वय अठ्ठावन्न, सोबत सून.

"उन्हाळी लागलीय मॅडम. धने-जिऱ्याचं पाणी घेतलं, वाळ्याचं घेतलं. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटतं."

"लाल लघवी होते?"

"मधून मधून. आधी वाटलं, पाळीच परत आली की काय."

फाइल उघडली. गोळ्यांचे तीन कोर्स. कल्चरचे दोन रिपोर्ट, दोन्हींत जंतू नाहीत, रक्तपेशी मात्र भरपूर. मधे स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जाऊन आल्या. तिथे आतून सोनोग्राफी झाली, गर्भाशय उत्तम. ती तपासणी लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून करतात. चुरगळलेल्या पिशवीत लहान गाठ सहज लपते. कोणाचाच हलगर्जीपणा म्हणता येणार नाही, प्रत्येकाने आपापल्या वाटेचं तपासलं. पण जंतू सापडले नाहीत तरी पुढचा कोर्स लिहिला जातो, याचा मला दर मंगळवारी राग येतो. मावशींना भरपूर पाणी पाजून सोनोग्राफीला पाठवलं. उद्या दुर्बीण.

२.००. डबा. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाने विचारलं, "मॅडम, हा कॅन्सर पुरुषांत तीन-चारपट जास्त, मग निदान झाल्यावर बायका जास्त का दगावतात?"

अमेरिकेतल्या विमाधारकांच्या नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास छापला गेला. लघवीतल्या रक्ताची पहिली नोंद होण्यापासून निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी ७४ दिवस लागले, बायकांना ८५. अकरा दिवसांनी सगळं बिघडतं असं नाही, पण सरासरीच्या पोटात सहा-सहा महिने गोळ्या खाणाऱ्या बायका दडलेल्या असतात. त्या येतात तेव्हा रोग पुढच्या टप्प्यात असतो, आणि मृत्यूतला हा फरक निदानानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात ठळक दिसतो. बायकांचा रोग मुळातच धीमा आणि वाईट असता, तर मृत्यू पुढच्या वर्षांत पसरलेले दिसले असते असं मला वाटतं.

पण एका टप्प्यावरच्या पुरुष-बाईची तुलना केली तरी थोडा फरक उरतोच. त्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असावा, या दिशेने बरंच संशोधन चाललंय. २०२३ साली आणखी एक गंमत पुढे आली: पुरुषांच्या काही गाठींतल्या पेशी वाय गुणसूत्र गमावून बसतात आणि त्या गाठी जास्त आक्रमक होतात. म्हणजे लिंगभेद पार पेशीपर्यंत पोचलेला. ते कोडं प्रयोगशाळेने सोडवावं. उशिराचं मात्र आपल्या हातात आहे. एवढ्यात भात गार झाला.

४.००. बीसीजीची खोली. या कॅन्सरवर क्षयाची हीच लस मूत्राशयात सोडायची युक्ती डॉक्टर मोरालेस यांनी १९७६ मध्ये मांडली. आमच्याकडे येते ती पुण्याच्या सीरमची. आठवड्याला एक, असे सहा डोस, दर वेळी दोन तास लघवी रोखायची. नंतर सहा तास प्रत्येक वेळी संडासात ब्लीच ओतून थोडं थांबायचं. चाळीतल्या सामायिक संडासात हे कसं जमवायचं, हे आम्ही देतो त्या कागदावर लिहिलेलं नसतं. आज चौथ्या डोसची एक बाई आलीच नाही. फोन लावला तर नणंदेच्या घरी बारसं आहे. पुरुष पेशंटला बायको हाताला धरून आणते. बाईला कोण आणणार, हे आधी विचारून ठेवावं लागतं.

५.३०. मूत्राशय काढावं लागणार अशा पेशंटचं समुपदेशन. पुरुषात सोबत प्रोस्टेट जातं. बाईत गर्भाशय, अंडाशय आणि योनीची पुढची भिंत काढायची जुनी पद्धत. गाठ लांब असेल तर आता हे वाचवता येतं. बाईला विचारलं की नवरा उत्तर देत होता. त्याला औषधाच्या चिठ्ठीसोबत खाली पाठवलं. मग पोटावर लघवीच्या पिशवीची जागा ठरवली. त्यासाठी परकर-साडी नेसूनच बसायचं, उभं राहायचं, वाकायचं. नाडी जिथे आवळते त्या रेघेवर पिशवी आली तर रोज गळणार. पेनने खूण नाडीच्या दोन बोटं खाली केली. "मांडी घालून जेवायला बसता येईल ना?" त्यांनी विचारलं. खाली बसवून बघितलं. खूण जराशी बाजूला घेतली.

७.००. मावशींची सोनोग्राफी आली, उजव्या भिंतीला दीड सेंटिमीटरची गाठ. त्यांच्या गावच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "अशीच आणखी एक आहे मॅडम, कल्चर साफ, रक्त चालूच. उद्या दहाला पाठवू का?"

"साडेनऊला पाठवा, म्हणावं लघवी न करता ये."