निवडक योद्ध्यांची दुर्मिळता : ‘वॉरहॅमर ४०,०००’ च्या कथाविश्वातील एक प्रश्न

रिक प्रीस्टली यांनी रचलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा युद्धखेळ इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली प्रसिद्ध केला. टेबलावर सैनिकांच्या लहान रंगविलेल्या प्रतिमा मांडावयाच्या, मोजपट्टीने अंतर मोजून त्या पुढे सरकवावयाच्या आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. नियमपुस्तके व कादंबऱ्या यांतून या खेळाभोवती जे विस्तीर्ण कथाविश्व उभे राहिले, त्यातील ‘स्पेस मरीन’ या निवडक योद्ध्यांचा विचार येथे कर्तव्य आहे. हे योद्धे संख्येने इतके थोडे का, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि त्याला एक उत्तर कथा देते व दुसरे टेबल देते, आणि ही दोन उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत.

कथेतील उत्तर राजकीय आहे. सम्राटाने आकाशगंगा जिंकण्यासाठी अशा योद्ध्यांच्या वीस लीजन उभारल्या. पैकी दोहोंची नोंदच पुढे पुसून टाकण्यात आली. एकेका लीजनमध्ये हजारो, क्वचित लाखाच्या घरात योद्धे असत. सम्राटाचा सर्वांत विश्वासू सेनापती होरस हाच फितूर झाला आणि त्याच्यासह नऊ लीजन बंडात सामील झाल्या. बंड मोडल्यावर रोबूट गिलीमन याने ‘कोडेक्स अस्टार्टीस’ हा ग्रंथ रचला व उरलेल्या लीजन फोडून हजार-हजार योद्ध्यांचे ‘चॅप्टर’ केले. एवढे बळ पुन्हा कोणाही एकाच्या हाती राहू नये, हा त्यामागील हेतू होय. राजाचे रक्षकच राजाला भारी होतात, हा अनुभव इतिहासाला नवा नाही. रोममधील प्रीटोरियन रक्षकदल कॉन्स्टंटाइनने ३१२ मध्ये मोडून काढले; तुर्की सुलतान दुसरा महमूद याने १८२६ मध्ये जॅनिसरींचा निःपात केला. जॅनिसरींप्रमाणेच स्पेस मरीनही कोवळ्या वयात घरापासून तोडून आणलेले मुलगेच असतात. मात्र गिलीमनला आपले दल नष्ट करणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने ते केवळ वाटून टाकले. चॅप्टरांची संख्या सुमारे एक हजार सांगितली आहे व साम्राज्यातील ग्रहांची सुमारे दहा लाख. म्हणजे ग्रहामागे योद्धा एकच पडतो!

या राजकीय मर्यादेस शारीरिक मर्यादेची जोड आहे, आणि या कथाविश्वातील सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग बहुधा हाच असावा. मुलाच्या शरीरात एकोणीस कृत्रिम अवयव क्रमाक्रमाने बसविले जातात. त्यांपैकी प्रोजेनॉइड नावाच्या दोन ग्रंथींत पुढील योद्ध्याच्या अवयवांचे बीज तयार होते. एक ग्रंथी मानेत असून ती पाच वर्षांनी परिपक्व होते, दुसरी छातीत असून तीस दहा वर्षे लागतात. योद्धा पडला की अपॉथेकरी हा वैद्य रणांगणातच त्या ग्रंथी काढून घेतो. त्या हाती न लागल्यास एका मृत्यूबरोबर भावी योद्धेही नाहीसे होतात. विजय मिळूनही चॅप्टर क्षीण होऊ शकतो तो यामुळे. आणि शव रणभूमीवरून परत आणण्याचा अट्टाहास या कथांतून वारंवार दिसतो तो केवळ भावनेपोटी नव्हे.

टेबलावर आल्यावर हे सारे पालटते. तेथे प्रत्येक तुकडीस गुणमूल्य असते आणि उभय पक्षांनी सारख्या गुणांचे सैन्य आणावयाचे असते. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या मरीनचे मूल्य पंधरा गुण होते, तर इम्पीरियल गार्डच्या दहा शिपायांच्या तुकडीचे साठ. कथेत जो एकटा शेकडो शत्रूंना पुरून उरतो, तो येथे अडीच शिपायांच्या बरोबरीचा ठरतो. यात रचनाकारांची चूक आहे असे म्हणता येणार नाही. शंभरांच्या तोडीचा योद्धा ठेवल्यास सैन्य चार-पाच प्रतिमांचे होईल, एखाद-दुसऱ्या फाशाच्या दानावर डाव उलटेल, आणि विक्रेत्यास प्रतिमा तरी किती विकता येतील?

परिणाम असा की कथेत सर्वांत दुर्मिळ असलेला योद्धा टेबलावर सर्वांत सामान्य झाला. किंबहुना १९८७ मध्येच प्लॅस्टिकच्या तीस मरीनांची पेटी निघाली होती. निवडक हा सामान्य झाला की त्याच्यावर दुसरा निवडक बसवावा लागतो. प्रथम ग्रे नाइट्स आले. पुढे २०१८ मध्ये कस्टोडीस या दलास स्वतंत्र नियमपुस्तक मिळाले. कथेतील त्यांची संख्या दहा हजार असून, मराठी इतिहासाच्या अभ्यासकास ‘हुजुरात’ या शब्दाने ज्याची कल्पना येईल, असे ते सम्राटाचे खास सैन्य आहे. दरम्यान २०१७ मध्ये प्रायमॅरिस हे अधिक उंच व बलाढ्य मरीन निर्माण करण्यात आले. त्यांचे अवयव एकोणिसाचे बावीस झाले.

कथेला याचेही समर्थन करावे लागले, आणि ते तिने गिलीमनकडूनच करविले. दहा सहस्र वर्षांनी जागा झालेला हा सेनापती निरनिराळ्या वंशांचे प्रायमॅरिस योद्धे एकत्र करून चॅप्टराच्या मर्यादेबाहेरचे सैन्य घेऊन मोहिमेवर निघतो. पुढे तो त्यांची चॅप्टरांत वाटणी करतो हे खरे. परंतु हजारांची मर्यादा ज्याने घातली, तोच तिच्यापलीकडचे सैन्य स्वतःच्या हाताखाली घेतो, आणि साम्राज्यातील काही धुरीणांना तेवढ्यासाठीच त्याची धास्ती वाटते.