‘नाही’ आणि ‘आढळले नाही’ : घरी करावयाच्या एच्.आय्.व्ही. चाचणीची भाषा

घरच्या घरी, नाव न सांगता एच्.आय्.व्ही.ची चाचणी करण्याची कल्पना अमेरिकेत प्रथम १९९६ मध्ये व्यवहारात आली. रक्ताचा थेंब कागदावर घेऊन तो टपालाने पाठवावयाचा आणि पुढे दूरध्वनीवर केवळ आपला सांकेतिक क्रमांक सांगून निष्कर्ष ऐकावयाचा, अशी ती पद्धत होती. बाधा आढळल्यास समुपदेशक स्वतः बोलत असे. ३ जुलै २०१२ रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने ‘ओराक्विक’ या साधनास मान्यता दिली. त्यात निष्कर्षही घरीच वाचावयाचा असल्याने समुपदेशकाचे काम मुख्यतः माहितीपत्रकातील वाक्यांवर येऊन पडले. भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालावे ते याच कारणाने.

कृती सोपी आहे. वरच्या व खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदा फिरवून ती द्रवाच्या नळीत उभी करावयाची आणि २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान वाचावयाची. ‘सी’ या खुणेशी रेषा उमटली नाही, तर चाचणी व्यर्थ गेली असे समजावे. ‘सी’शी रेषा असून ‘टी’शीही उमटली, मग ती कितीही फिकट असो, तर प्रयोगशाळेत खात्रीची चाचणी करून घेणे आवश्यक ठरते.

खरी अडचण ‘टी’शी रेषा नसते तेव्हा उद्भवते. हे साधन विषाणू शोधीत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती निर्माण होण्यास वेळ लागतो. म्हणून संसर्गाचा संभव घडल्यापासून तीन महिने लोटले नसतील, तर या निष्कर्षावर विसंबता येत नाही. शिवाय मान्यतेच्या वेळच्या आकड्यांनुसार, बाधित असलेल्या सुमारे १२ जणांत एकास हे साधन चुकीने निर्बाध ठरवते. उलट बाधा नसलेल्यांत चूक सुमारे ५,००० चाचण्यांत एक इतकीच.

आता मराठीकडे वळू. ‘खोलीत कोणी नाही’ आणि ‘खोलीत कोणी दिसत नाही’ ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिले वस्तुस्थितीविषयी आहे, दुसरे पाहणाऱ्याविषयी. ‘तुम्हांस एच्.आय्.व्ही. नाही’ असे माहितीपत्रकात छापणे म्हणजे साधनाला त्याच्या ऐपतीपलीकडचे बोलावयास लावणे होय. ‘या चाचणीत प्रतिपिंडे आढळली नाहीत’ हे वाक्य रुक्ष असले तरी खरे आहे. ‘निगेटिव्ह’ हा रूढ शब्द ठेवण्यास माझा विरोध नाही, मात्र त्याच्या शेजारी हे वाक्य हवेच.

चाचणीच्या विशेषणाचाही विचार केला पाहिजे. ‘गुप्त चाचणी’ म्हणताच ‘गुप्तरोग’ हा शब्द आठवतो आणि त्याबरोबर त्याची सारी लाजही येते. ‘निनावी’ला निनावी पत्राचा वास आहे. ‘गोपनीय’ हा शब्द सभ्य खरा, परंतु त्याचा अर्थ वेगळा : त्यात नाव कोणास तरी ठाऊक असते व ते उघड केले जात नाही. भारतात २०१७ च्या एच्.आय्.व्ही.विषयक कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला, संरक्षण दिले आहे ते या दुसऱ्या अर्थाने. नाव कोठेच न नोंदविणाऱ्या चाचणीस ‘नावाविना चाचणी’ म्हणावे, असे मी सुचवितो.