असईच्या शिवारात एक दिवस

जालना जिल्ह्यातल्या असईला रणभूमी बघायला येणाऱ्यांचा हमखास अपेक्षाभंग होतो. इथे दिसतात कपाशी, मका आणि दोन नद्या. म्हणूनच इथे जाणता वाटाड्या हवा.

तो आधी केळणा नदीच्या काठावर नेतो. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांची फौज पलीकडे, केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात. स्थानिक वाटाडे म्हणत होते, उतार नाही. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला मात्र समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरुड. इतकी जवळची गावं उताराशिवाय राहतील कशी? त्याचा तर्क बरोबर निघाला.

गोऱ्यांच्या हुशारीची ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. बाजूने हल्ला येतोय हे कळताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी सगळी रांग काटकोनात फिरवली आणि डावी बगल असई गावाला टेकवली. भर रणात हे सोपं नव्हे! गावाकडे भरकटलेली इंग्रजांची ७४वी हायलँडर्स पलटण तोफांपुढे अक्षरशः कापली गेली.

काही गोलंदाज तर तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. इंग्रज पुढे सरकताच ते उठले आणि तोफा मागून डागल्या.

मराठ्यांचं घोडदळ मात्र बहुतांशी बघत राहिलं. त्यांच्या पराभवाचं मोठं कारण तेच. वेलस्लीची सुमारे १,६०० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. वॉटर्लू जिंकूनही तो पुढे असईलाच आपली सर्वोत्तम लढाई म्हणायचा.

जायचं तर पावसाळा सरताना जा, नदीला पाणी असतं. पिकात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा.